गवती चहा, भाताची राख आणि नॅनो चांदी

हातातलं काम सोडू नका, तांदूळ निवडता निवडता ऐका. आजचा विषय तसाही धानाच्या तुसापाशी येणार आहे.

आशाताईंकडून मिळणारं निश्चय किट आपल्यापैकी बऱ्याच जणींनी हातात धरलेलं आहे. लघवीचे दोन-तीन थेंब टाकायचे, पाच मिनिटं थांबायचं, आणि एक रेघ येते की दोन, हे बघताना जीव कसा टांगणीला लागतो ते मी सांगायला नको. ती गुलाबी-लालसर रेघ कशाची असते? अशा बहुतेक पट्ट्यांमध्ये ती सोन्याची असते. खरंखुरं सोनं, पण इतके बारीक कण की ते पिवळे न दिसता लाल दिसतात. दिवस गेलेले असले की बाईच्या लघवीत एक संप्रेरक उतरतं. पट्टीतल्या सोन्याच्या कणांवर ते संप्रेरक ओळखून धरणारी प्रथिनं आधीच चिकटवलेली असतात. ओलाव्याबरोबर कण पुढे सरकतात, संप्रेरकासकट रेघेपाशी अडकतात, आणि खूप कण एका जागी जमले की आपल्याला रेघ दिसते. कोरोनाच्या काळात घरी करायची पट्टी आली होती, तिचीही रीत हीच.

हे झाले सोन्याचे नॅनोकण. नॅनो हा शब्द गटाच्या बैठकीत मी पहिल्यांदा उच्चारला तेव्हा एक आजी म्हणाल्या, "नॅनो म्हनजे ते लहानी गाडीच ना व बाई?" सगळ्या हसल्या, पण आजींचं अगदीच चुकलं नव्हतं. लहान हाच त्या शब्दाचा अर्थ. फक्त किती लहान, ते ध्यानात घ्यावं लागतं. शाळेच्या पट्टीवरचा एक मिलिमीटर घ्या, त्याचे दहा लाख भाग करा, त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. आपल्या डोक्याचा केस साधारण ८० हजार ते १ लाख नॅनोमीटर जाड असतो. जुलाब लावणारा जंतू हजार-दोन हजार नॅनोमीटरचा. आणि १ ते १०० नॅनोमीटरच्या आतले जे कण, त्यांना नॅनोकण म्हणतात. म्हणजे जंतूसुद्धा त्यांच्यापुढे म्हशीएवढा.

आता एवढं बारीक करून फायदा काय? गुळाची अख्खी भेली पाण्यात टाकली तर ती विरघळायला किती वेळ लागतो, आणि तोच गूळ किसून टाकला तर किती, हे आपल्याला ठाऊक आहे. गूळ तेवढाच, पण किसला की त्याच्या जास्त अंगाला पाणी लागतं. हाच हिशोब चांदीचा करू. साधारण एक तोळा चांदीचा चौकोनी ठोकळा केला तर तो सगळ्या बाजूंनी एक-एक सेंटिमीटरचा होतो. त्याला सहा बाजू, म्हणून त्याचं सगळं अंग मिळून सहा चौरस सेंटिमीटर. एका कपाळावरच्या मोठ्या टिकलीएवढं म्हणा. आता तोच ठोकळा कापत कापत दहा नॅनोमीटरच्या ठोकळ्यांपर्यंत आणला, तर सगळ्या तुकड्यांचं अंग मिळून सहाशे चौरस मीटर होतं. म्हणजे जवळजवळ सहा गुंठे! एका तोळ्यात सहा गुंठे. हा हिशोब मी पहिल्यांदा केला तेव्हा चूक झाली असं वाटून भावाच्या मुलाकडून तपासून घेतला. तो बरोबर आहे.

धातूची किंवा कुठल्याही पदार्थाची जी काही करामत असते, ती त्याच्या अंगावर, वरच्या थरात चालते. आतला भाग नुसता बसून असतो. म्हणून अंग वाढलं की थोड्या मालात जास्त काम होतं. मोटारसायकलच्या टायरचंच बघा. रबर मुळात पांढरट असतं. त्यात काजळीचे नॅनोमीटरच्या मापाचे कण मिसळतात, ते रबराला सगळीकडून धरून ठेवतात, म्हणून टायर काळा होतो आणि हजारो किलोमीटर झिजत नाही. नॅनोचं नाव कोणी घेतलं नव्हतं तेव्हापासून हे चालू आहे.

कण बनवायच्या रीती दोन. एक आपल्या जात्याची: मोठ्याचं दळून लहान करायचं. त्यासाठी कारखान्यात कडक गोळ्यांनी भरलेले फिरते पिंप असतात. दुसरी रीत उलटी आहे. चांदी आम्लात विरघळवून तिचं मीठ करायचं, ते पाण्यात मिसळायचं. या पाण्यात चांदी सुट्या सुट्या अणूंच्या रूपात असते, दिसत नाही. मग त्यात एखादा पदार्थ घालून तापवायचं, लिंबात जे आम्ल असतं त्याचं मीठ या कामी चालतं. अणू एकमेकांना चिकटायला लागतात, दहा-वीस नॅनोमीटरचे पुंजके होतात, आणि स्वच्छ पाणी पिवळं पडतं. खरी मेहनत इथून पुढे असते. पिठल्यात बेसन घालताना हात थांबला की गुठळ्या होतात ना, तसे हे कणही एकमेकांना चिकटून मोठे व्हायला बघतात. मोठे झाले की सहा गुंठ्यांचं परत टिकलीएवढं. म्हणून प्रत्येक कणाभोवती कसलंतरी पातळ वेष्टण लागतं.

आता गवती चहाची गोष्ट. पुण्याला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे. तिथे डॉ. मुरली शास्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कडक रसायनांऐवजी झाडपाला वापरून बघितला. त्यांनी गवती चहा पाण्यात उकळून गाळला आणि तो अर्क सोन्याच्या मिठाच्या पाण्यात घातला. सोन्याचे नॅनोकण तयार झाले, आणि त्यातले पुष्कळसे गोल नव्हते, चपटे तीन कोनांचे होते. हे २००४ साली नावाजलेल्या विज्ञान-पत्रिकेत छापून आलं. त्याच वर्षी त्यांनी कडुनिंबाच्या पाल्यानेही चांदी-सोन्याचे कण करून दाखवले. पाल्यातलं काही अणूंना एकत्र आणतं, काही कणांभोवती वेष्टण करतं, अशी दोन्ही कामं तोच पाला करतो. त्या तीन कोनी कणांचा एक गुण असा की ते उन्हातली धग शोषून घेतात. म्हणून खिडकीच्या काचेला त्यांचा लेप देता येईल का, यावरही त्यांनी काम केलं.

पुण्यातच टाटांच्या एका संशोधन केंद्रात भाताच्या तुसाच्या राखेतून पाणी गाळायचं साधं यंत्र आधीच तयार झालं होतं, सुजल नावाचं. आपल्या मूल, सिंदेवाही, ब्रह्मपुरीकडच्या बायांना राईस मिलमागचे तुसाचे ढीग सांगायला नकोत. शंभर किलो धान भरडलं की वीसेक किलो तूस निघतं, आणि ते जाळलं की चार किलोच्या आसपास राख. ही राख साधी नसते. तिच्यात बहुतेक भाग सिलिकाचा असतो, म्हणजे वाळूत असतो तोच पदार्थ, पण भोकाभोकांचा. त्या भोकांत पाण्यातला रंग, वास, गाळ अडकतो. डॉ. शास्त्री पुढे टाटा केमिकल्समध्ये गेले. तिथे या राखेवर नॅनो चांदी बसवली गेली, आणि डिसेंबर २००९ मध्ये टाटा स्वच्छ नावाचं यंत्र बाजारात आलं. किंमत हजार रुपयांच्या आत. वीज नको, नळ नको. राख गाळायचं काम करते, चांदी जंतू मारायचं. चांदी राखेला चिकटलेली असते, तिच्यातून अगदी थोडी चांदी पाण्यात झिरपते आणि जंतूच्या प्रथिनांना धरून त्याचं काम बंद पाडते. बाळाला चांदीची वाटी द्यायची आपली रीत आहे, पण वाटीचं अंग टिकलीच्या हिशोबातलं, म्हणून तिच्यावर विसंबता येत नाही. पिण्याच्या पाण्यात चांदी किती चालते यालाही मर्यादा आहे. भारतीय मानकाप्रमाणे लिटरमागे ०.१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको.

इथपर्यंत सगळं छान. आता आमचं काय झालं ते सांगते.

चार वर्षांपूर्वी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एका गावात आमच्या तीन गटांच्या बाया जमल्या होत्या. ओळखीच्या कुणीतरी एका विक्रेत्याला बोलावलं होतं. टाटांचं नव्हे, दुसरंच एक "नॅनो सिल्व्हर" यंत्र तो विकत होता. त्याने एका ग्लासात शाई टाकली, पाणी निळं केलं, वरून ओतलं. खालून स्वच्छ पाणी आलं. बायांच्या तोंडून "अगं बाई!" निघालं, माझ्याही. तो म्हणाला, नॅनो आहे ताई, यातून काहीही सुटत नाही, सगळं विष अडकतं. नऊ जणींनी गटाच्या अंतर्गत कर्जातून प्रत्येकी अठराशे रुपये उचलले. कर्जाच्या ठरावावर सहयोगिनी म्हणून माझी सही आहे. मी बी.ए. झालेली, मराठी घेऊन. एकही प्रश्न विचारला नाही.

त्या गावच्या हातपंपाच्या पाण्यात फ्लोराइड होतं. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात, यवतमाळात, नांदेडकडे खडकातूनच ते भूजलात उतरतं. फ्लोराइडला रंग नाही, वास नाही, चव नाही. पोरांचे दात येतानाच त्यांच्यावर पिवळे-तपकिरी डाग पडतात, आणि ते डाग मग जात नाहीत. पुष्कळ वर्षं तेच पाणी पोटात गेलं तर हाडं, सांधे धरतात. बायांना वाटलं होतं, यंत्र आलं, आता हातपंपाचं पाणी बिनघोर प्यावं. उलट आधी ज्या दोन घरी लांबच्या विहिरीवरून पाणी आणत होत्या, त्यांनीही विहीर सोडली. मला सगळ्यात जास्त लागलं ते हे.

सहा महिन्यांनी जलजीवन मिशनमधून गावातल्या पाच बायांना पाणी तपासायचं प्रशिक्षण मिळालं. त्यातल्या एका काकूंनी गंमत म्हणून हातपंपाचं पाणी आणि यंत्रातून गाळलेलं पाणी शेजारी शेजारी तपासलं. किटमधलं औषध घालायचं आणि पाण्याचा रंग तक्त्याशी जुळवायचा, एवढंच काम. दोन्ही नळ्यांचा रंग एकाच चौकोनाशी जुळला. आणि तो चौकोन दीड मिलिग्रॅमच्या पुढचा होता. मानकाप्रमाणे लिटरमागे एक मिलिग्रॅम बरं, दुसरा काही स्रोतच नसेल तर दीडपर्यंत चालवून घ्यायचं. काकूंनी मला फोन केला आणि म्हणाल्या, "ताई, हे तं जसंच्या तसं हाये."

मग मी जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत जाऊन बसले. तिथे समजलं ते असं. शाईचा रंग राखेला, कोळशाला सहज चिकटतो. शाई अडकली याचा अर्थ फ्लोराइड अडकलं असा होत नाही. चांदी जंतूंवर चालते. फ्लोराइड हा जंतू नाही, तो विरघळलेला क्षार आहे, तो चांदीच्या शेजारून निघून जातो. उकळूनही जात नाही, उलट पाणी आटलं की थोडा दाटच होतो. म्हणजे विक्रेत्याने नॅनोविषयी जे सांगितलं ते पूर्ण खोटं नव्हतं. चांदी खरी असेलही. आमचा रोग वेगळा आणि औषध वेगळं, एवढीच गोष्ट.

नॅनो म्हणजे माप. कशाचे कण आहेत आणि ते कशासाठी आहेत, हे वेगळं विचारावं लागतं. बंगालकडे भूजलात आर्सेनिक आहे. तिथल्यासाठी चेन्नईच्या आयआयटीतल्या प्रा. टी. प्रदीप यांच्या गटाने गाळणं केलं, अमृत नावाचं. त्यात चांदी कामाची नव्हती, म्हणून त्यांनी लोखंडाच्या गंजाच्या जातीचे नॅनोकण घेतले, आणि ते धरून ठेवायला कोळंबी-खेकड्याच्या टरफलातून निघणारा पदार्थ. आर्सेनिक त्या लोखंडाला घट्ट चिकटतं. फ्लोराइडसाठी आणखी निराळं लागतं. ॲल्युमिनाचे दाणे घातलेलं गाळणं चालतं, आरओ चालतं, पण आरओ पाणी फार वाया घालवतं. नागपूरच्या नीरी संस्थेने तुरटी आणि चुन्याची नालगोंडा पद्धत काढली, तीही आहे. पण या सगळ्यांहून बरा दुसरा स्रोत. पावसाच्या पाण्यात फ्लोराइड नसतं, आणि पुष्कळदा उथळ विहिरीत कमी असतं.

आमच्या गावाने तेच केलं. ग्रामसभेत बायांनी किटच्या नळ्या घेऊन जाऊन दाखवल्या. हातपंपाला लाल रंग दिला, धुण्याभांड्याला ठेवला. पिण्याचं पाणी परत लांबच्या विहिरीवरून. तपासलं तर तिथे फ्लोराइड कमी निघालं, पण विहीर उघडी, पावसाळ्यात वरून पाणी शिरतं, आणि जंतू तपासायची बाटली काळी पडली. आता बघा, इथे जंतू आहेत, तर इथे चांदीचं काम आहे! नऊपैकी सहा जणींनी ते यंत्र विहिरीच्या पाण्याला लावलं. आधी दुहेरी कापडातून गाळून घ्यायचं, कारण गढूळ पाण्याने आतलं लवकर तुंबतं. आणि ग्रामपंचायतीची ब्लिचिंग पावडर विहिरीत वेळच्या वेळी पडते की नाही ते बघायचं, ते काही सुटलेलं नाही.

त्यातही एक गोम होती. खोक्यावर बारीक अक्षरात लिहिलं होतं, दोन हजार लिटर. पाच माणसांच्या घरात पिण्या-स्वयंपाकाला दिवसाला वीस लिटर धरले तर शंभर दिवस. त्यानंतर आतली चांदी-राख बदलायची. संक्रांतीला घेतलेलं यंत्र अक्षय्य तृतीयेपर्यंत संपलं होतं, आणि आम्ही पोळ्याला ते विहिरीला लावत होतो. विक्रेत्याचा फोन लागेना. शेवटी तालुक्याच्या दुकानात बसणारी कार्ट्रिज मिळाली, साडेतीनशेला. आता त्या सहा जणी भिंतीवर कोळशाने रेघा मारतात, एका हंड्याला एक रेघ. उरलेल्या तिघींच्या यंत्रात तांदूळ ठेवलेला असतो. कर्ज मात्र नऊही जणींनी फेडलं, दोन टक्क्यांनी.

पुष्कळ जणी विचारतात, गवती चहा अंगणात आहे, तूस फुकट मिळतं, मग गटाने हा उद्योग का करू नये? मलाही मोह झाला होता. पण पाण्याचा रंग पिवळा झाला म्हणजे कण कोणत्या मापाचे झाले हे डोळ्यांना कळत नाही, चांदी किती झिरपते तेही प्रयोगशाळेशिवाय कळत नाही. चांदीचं मीठ हाताला लागलं तर कातडी काळी पडते, डोळ्यात गेलं तर इजा होते. आणि तूस जाळायची तऱ्हा असते. मध्यम आचेवर जाळलं तर राख भोकाभोकांची राहते. फार तापलं, आठशे-नऊशे अंशांच्या वर गेलं, की तीच सिलिका काचेच्या खड्यांसारखी टोकदार होते, आणि तिची धूळ फुप्फुसात बसली की निघत नाही. दगडखाणीतल्या माणसांना जो सिलिकोसिस होतो, त्याच जातीचं हे दुखणं. राईस मिलमध्ये राख उपसायला जाणाऱ्या बायांनी निदान ओलं फडकं नाका-तोंडाला बांधावं, आणि राखेवर आधी पाणी मारावं.

लहान असण्याचा गुण आणि दोष एकच आहे, कुठेही शिरता येणं. चुलीच्या धुरातली काजळी ही टायरातल्या काजळीची बहीणच. टायरात ती धरून ठेवलेली असते. चुलीपुढे ती मोकळी असते आणि थेट छातीत जाते. नॅनो चांदी लावलेले मोजे, कपडे बाजारात येतात, घामाचा वास येत नाही म्हणून. ॲरिझोना स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी २००८ साली असे मोजे नुसत्या पाण्यात हलवले, तर काहींमधली चांदी निघून पाण्यात आली. ते पाणी पुढे नाल्यात जातं, आणि तिथले सगळे जंतू काही आपले वैरी नसतात.

नॅनो युरियाबद्दल तीन गटांकडून प्रश्न आले आहेत. ते पुढच्या भागासाठी ठेवते, कृषी सहायकांना घेऊन येईन, म्हणजे मला उलट विचारता येईल.

तोवर एक काम करा. पाणी तपासायची पेटी तुमच्या ग्रामपंचायतीत किंवा जलसुरक्षकाकडे असते. ती मागून घ्या, प्रशिक्षण झालेल्या पाच जणी कोण ते विचारा, आणि तपासायच्या आधी फ्लोराइडच्या बाटलीवरची मुदत वाचा. आमच्या पेटीतली एकदा संपलेली निघाली होती, सगळं परत करावं लागलं.